मोटारीची चकाकी : पैसे कशासाठी मोजावेत, कधी वाचवावेत?

- प्रतिनिधी

नवी मोटार घेताना विमा, नोंदणी आणि सीट कव्हर यांच्या हिशेबात आता आणखी एक रक्कम हमखास दिसते. ती असते रंगाच्या संरक्षणाची. ‘सिरॅमिक कोटिंग करून घ्या, पाच वर्षे रंगाकडे पाहावे लागणार नाही,’ असा आग्रह विक्रेता धरतो. जुन्या मोटारींच्या मालकांसाठी तर शहरांच्या उपनगरांत ‘डिटेलिंग’च्या दुकानांचे पेवच फुटले आहे. काही हजारांच्या पॉलिशपासून लाखाच्या पुढे जाणाऱ्या फिल्मपर्यंत सर्व काही तेथे मिळते. गाडी चकाकते, हे खरे. परंतु ही चकाकी येते कोठून, ती टिकते किती आणि तिच्यासाठी मोटारीच्या मूळ रंगाला काय गमवावे लागते, हे ग्राहकाला क्वचितच सांगितले जाते. ते एकदा समजले, की पैसे मोजावेत की नाही हा निर्णय फारसा अवघड राहत नाही.

रंगाचे चार थर

आजच्या बहुतेक मोटारींच्या पत्र्यावर साधारणपणे चार थर असतात. पत्र्यावर फॉस्फेटची प्रक्रिया झाल्यानंतर संपूर्ण सांगाडा हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने त्यावर गंजरोधक थर चढवला जातो. त्यावर प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंगछटा देणारा बेस कोट आणि सर्वांत वर क्लिअर कोट नावाचा पारदर्शक थर असतो. या सर्वांची मिळून जाडी सुमारे १०० ते १४० मायक्रॉन भरते. एक हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर. यातील क्लिअर कोट साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाहूनही पातळ असतो.

आपण ज्याला मोटारीची चकाकी म्हणतो, ती या पातळ पडद्याची असते. उन्हातील अतिनील किरणांपासून खालच्या रंगाचे रक्षण करणारी द्रव्येही याच थरात मिसळलेली असतात. प्रीमियर पद्मिनी आणि अॅम्बेसिडरच्या काळात हा वेगळा थर नव्हता. त्यामुळे पॉलिश करताना फडक्याला गाडीचा रंग लागत असे आणि रंग जाड असल्याने ते खपूनही जाई. ‘वर्षातून एकदा रबिंग-पॉलिश हवेच’ ही समजूत त्या काळातील आहे. आजच्या मोटारीला ती लागू पडत नाही.

जाळी पडते कशी?

उन्हात किंवा पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली गडद रंगाची मोटार पाहिली, तर दिव्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे गोलाकार बारीक ओरखडे दिसतात. रंग ‘उडाला’ अशी तक्रार बहुधा यामुळेच होते. प्रत्यक्षात रंग जागेवरच असतो. क्लिअर कोटवर पडलेल्या हजारो सूक्ष्म रेषा प्रकाश इतस्ततः फेकतात आणि खालचा रंग फिका भासतो.

या रेषा पाडण्याचे काम आपणच रोज सकाळी करीत असतो. सोसायटीच्या वाहनतळात एक बादली पाणी आणि एक फडके यांवर दहा-पंधरा गाड्या पुसल्या जातात. फडके बहुतेक वेळा जुन्या बनियनचे असते. पहिल्या गाडीवरची धूळ बादलीत उतरते आणि शेवटच्या गाडीवर चोळली जाते. धुळीत वाळूचे आणि बांधकामाचे कण असतात. वाळूतील क्वार्ट्झ हा क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कठीण असतो. कोरड्या गाडीवर फडके किंवा डस्टर फिरवणे तर याहूनही वाईट. पाण्याच्या टंचाईच्या दिवसांत नेमके तेच घडते.

ओरखड्यांखेरीज अन्य शत्रूही आहेत. बोअरवेलच्या किंवा टँकरच्या क्षारयुक्त पाण्याचे थेंब उन्हात वाळले, की पांढरे डाग राहतात. रेल्वेमार्गालगत उभ्या राहणाऱ्या गाड्यांवर लोखंडाचे सूक्ष्म कण रुतून बसतात. मोहराच्या दिवसांत आंब्याखाली लावलेल्या गाडीवर तुडतुड्यांच्या स्रावाचा चिकट थर जमतो. पक्ष्यांची विष्ठा भर उन्हात काही तास राहिली, तरी क्लिअर कोटवर कायमचा ठसा उमटू शकतो. यांपैकी कोणता त्रास आपल्या मोटारीला आहे, हे ओळखणे ही निर्णयाची पहिली पायरी होय.

पॉलिश म्हणजे घासणे

पॉलिशने ओरखडे ‘भरून निघतात’, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती उलट आहे. पॉलिशमध्ये ॲल्युमिनियम ऑक्साइडसारखे अत्यंत बारीक घासक कण असतात. यंत्राच्या पॅडने ते फिरवले, की ओरखड्याभोवतीचा क्लिअर कोट ओरखड्याच्या तळापर्यंत झिजतो आणि पृष्ठभाग पुन्हा सपाट होतो. अशा प्रत्येक वेळी काही मायक्रॉन कायमचे जातात. सौम्य पॉलिशमध्ये ते एक-दोन असतील, जाड दाण्याच्या कंपाउंडने त्याहून अधिक. कडांवर आणि घड्यांवर थर मुळातच पातळ असल्याने तेथे यंत्र क्षणभर अधिक रेंगाळले, तरी खालचा रंग उघडा पडू शकतो. मग पुन्हा रंग देण्याखेरीज इलाज उरत नाही.

यास्तव क्लिअर कोटकडे बँकेतील मुदत ठेवीसारखे पाहावे. यात भर घालता येत नाही, केवळ मोडता येते. चांगल्या कारागिराच्या हातून मोटारीच्या आयुष्यात दोन-तीनदा हलके पॉलिश होण्यास हरकत नाही. परंतु दर सर्व्हिसिंगला ‘ऑफर’ म्हणून मिळणारे रबिंग स्वीकारणे म्हणजे फुकटात ठेव मोडणे होय. स्वस्त पॉलिशमध्ये आणखी एक मेख असते. तेल व मेण यांनी ओरखडे तात्पुरते झाकले जातात, गाडी दुकानातून निघताना आरशासारखी दिसते आणि तीन-चार धुण्यांनंतर जाळी पुन्हा उघडी पडते.

नखाची कसोटी

दुकानात जाण्यापूर्वी घरच्या घरी तीन चाचण्या करता येतात. पहिली नखाची. ओरखड्यावरून नख आडवे हळुवार फिरवावे. नख अडकले नाही, तर ओरखडा बहुधा क्लिअर कोटमध्येच आहे आणि पॉलिशने जाईल किंवा पुरेसा फिका होईल. नख अडकले, तर तो खोल आहे. पांढरा किंवा राखाडी प्रायमर दिसत असेल, तर डिटेलिंगवर पैसे घालणे व्यर्थ. तेथे टचअप किंवा त्या भागाचे रंगकाम हाच उपाय होय. पत्रा उघडा पडला असेल, तर विशेषतः कोकणच्या दमट, खाऱ्या हवेत टचअपला विलंब करू नये. अशा किरकोळ कामासाठी विम्याचा दावा करण्यापूर्वीही विचार करावा. दाव्याविना पहिले वर्ष गेल्यास स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीच्या हप्त्यात २० टक्के, तर सलग पाच वर्षांनंतर ५० टक्के सवलत मिळते. एका ओरखड्यासाठी ती गमावणे महागात पडू शकते.

दुसरी चाचणी स्पर्शाची. गाडी धुऊन वाळवल्यानंतर हातावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवून बोटे रंगावरून फिरवावीत. खरखर जाणवली, तर रुतलेले कण आहेत. क्ले बारने ते निघतात, त्यासाठी महागडे पॅकेज लागत नाही. तिसरी चाचणी प्रकाशाची. मोबाइलच्या दिव्याने बॉनेट आणि दरवाजे पाहावेत. जाळी दिसते का, आणि दिसत असल्यास ती आपल्याला खरोखर खटकते का, हे स्वतःला विचारावे. पांढऱ्या व रुपेरी मोटारींवर ती फारशी जाणवत नाही. काळ्या, गडद निळ्या व लाल मोटारींवर चटकन दिसते.

कोटिंग, फिल्म आणि दावे

बाजारातील संरक्षणांची नावे अनेक असली, तरी प्रकार मोजकेच आहेत. मेण आणि सीलंट हे सर्वांत स्वस्त. ते काही आठवडे ते काही महिने टिकतात. ‘टेफ्लॉन कोटिंग’ या नावाने जे विकले जाते, तेही बहुतांशी याच वर्गातले. तव्यावरचे टेफ्लॉन ३०० अंश सेल्सियसहून अधिक तापमानाला पक्के बसवले जाते. मोटारीच्या रंगावर तसे करणे शक्यच नाही.

सिरॅमिक कोटिंग हे मुख्यतः सिलिकायुक्त रसायन असून ते रंगाशी घट्ट जोडले जाते. त्यावर पाणी ठरत नाही, मळ सहज निघतो आणि विष्ठा वा चीक यांना रंगापर्यंत पोहोचण्यास थोडा विलंब लागतो. हे त्याचे खरे गुण. तथापि त्याची जाडी बहुधा एक-दोन मायक्रॉनच असते. खडी उडून बसणारा टवका, किल्लीचा ओरखडा किंवा दुचाकीच्या हँडलचा घासा ते अडवू शकत नाही. जाहिरातीतील ‘९ एच’ हा आकडा पेन्सिलच्या शिशाच्या कठीणपणाच्या मोजपट्टीवरचा आहे, हिरा ज्या मोजपट्टीवर दहावा असतो त्या मोजपट्टीवरचा नव्हे. क्षारयुक्त पाणी वाळले, तर डाग कोटिंगवरही पडतात. आणि जुन्या मोटारीवर कोटिंगनंतर जी झळाळी दिसते, ती बहुतांशी कोटिंगपूर्वी केलेल्या पॉलिशची असते.

टवक्यांपासून खरे संरक्षण देते ती पॉलियुरेथेनची पारदर्शक फिल्म. तिची जाडी साधारण १५० ते २०० मायक्रॉन, म्हणजे संपूर्ण रंगाहूनही जास्त असते. किंमतही त्याच मानाने चढी. महामार्गावर नित्य प्रवास करणाऱ्यांना बॉनेटची पुढची कडा, पुढचा बंपर आणि आरसे एवढ्याच भागांवर फिल्म लावून खर्च आटोक्यात ठेवता येतो.

कोणी खर्च करावा?

एक साधा हिशेब पाहू. आठ वर्षांच्या गाडीला बाजारात दोन लाख रुपये येत असतील आणि कोटिंगचा खर्च २५ हजार असेल, तर गाडीच्या किमतीचा आठवा हिस्सा चकाकीवर जातो. वापरलेली मोटार घेणारा प्रथम मॉडेल, वर्ष, किलोमीटर आणि अपघाताचा इतिहास पाहतो. कोटिंगचे प्रमाणपत्र पाहून तेवढी रक्कम कोणी वाढवून देत नाही. अशा गाडीसाठी स्वच्छता व एकवार हलके पॉलिश पुरेसे होय.

याउलट मोटार नवी वा दोन-तीन वर्षांची आहे, रंग गडद आहे, ती सात-आठ वर्षे ठेवायची आहे आणि धुण्याची पद्धत बदलण्याची तयारी आहे, तर एकदा केलेले व्यवस्थित पॉलिश आणि कोटिंग यांचा खर्च समर्थनीय ठरतो. गाडी रस्त्यावर, झाडाखाली उभी राहत असेल, तर स्वच्छतेचे श्रम वाचतात, हाही लाभच. मात्र शोरूममध्ये होकार देण्यापूर्वी बाहेरच्या दोन दुकानांतून दर मागवावेत. नव्या रंगाला जोरकस पॉलिशची गरज नसते, हेही लक्षात ठेवावे.

ज्यांची गाडी रोज त्याच बादलीने आणि त्याच फडक्याने पुसली जाणार आहे, त्यांनी पॉलिश व कोटिंग दोन्हींचा खर्च टाळलेला बरा. काही महिन्यांत जाळी परतेल आणि क्लिअर कोट तेवढा कमी झालेला असेल. मॅट रंगाच्या मोटारींवर तर पॉलिश कधीच करू नये. त्यावर चकचकीत डाग पडतात आणि ते निघत नाहीत.

दुकानात काय विचारावे?

पहिला प्रश्न रंगाची जाडी मोजण्याच्या यंत्राचा असावा. काम सुरू करण्यापूर्वी प्रत्येक भागाचे मोजमाप दाखवण्यास सांगावे. हे यंत्र सर्व थरांची एकत्रित जाडी दाखवते. आकडा शेजारच्या भागांपेक्षा बराच कमी असेल, तर तेथे आधीच घासकाम झाले आहे असे समजावे. २०० च्या बराच वर असेल, तर तो भाग बहुधा पुन्हा रंगवलेला आहे. प्लॅस्टिकच्या बंपरवर साधे यंत्र चालत नाही, म्हणून तेथे सावधगिरी अधिक हवी.

दुसरे, प्रथम एखाद्या भागाचा हातभर तुकडा पॉलिश करून, तेल पुसून, उन्हात दाखवण्यास सांगावे. तिसरे, हमीच्या अटी लेखी घ्याव्यात. पाच वर्षांची हमी अनेकदा दरवर्षीच्या सशुल्क देखभालीवर अवलंबून असते आणि ती रक्कम मूळ दरात धरलेली नसते. चौथे, सांगितलेल्या दरात १८ टक्के वस्तू व सेवा कर धरला आहे का, हे विचारून पक्के बिल घ्यावे. काम बिघडल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवता येते. दोन्ही ठिकाणी बिल लागतेच.

आधी फडके बदला

मोटारीसाठी दोन बादल्या, एक सौम्य शाम्पू, धुण्याचा मऊ हातमोजा आणि तीन-चार मायक्रोफायबर कापडे हजार-दीड हजार रुपयांत मिळतात. प्रथम पाण्याने धूळ वाहून जाऊ द्यावी, मग एका बादलीतील शाम्पूने धुवावे आणि हातमोजा दुसऱ्या बादलीत खळबळावा. गाडी सावलीत धुवावी व लगेच टिपून घ्यावी. विष्ठा दिसताच ओले कापड ठेवून ती मऊ करून उचलावी, घासू नये. रोज पुसण्याचा आग्रह सोडून आठवड्यातून एकदा धुणे रंगाच्या दृष्टीने अधिक हितकारक असते. गाडी पुसणाऱ्याला ही कापडे आपणच द्यावीत आणि कोरडे पुसू नये, असे स्पष्ट सांगावे.

दोन-तीन महिने असे केल्यावरही रंगाकडे पाहून मन खट्टू होत असेल, तर खुशाल चांगल्या कारागिराकडे जावे. तोवर क्लिअर कोट शाबूत राहिलेला असेल आणि मोजलेले पैसे दीर्घकाळ दिसतील.