डोंगराआडचा दर्या

रायगड जिल्हा म्हटले की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे अलिबागचा किनारा, मुरूडचा जंजिरा आणि नारळी-पोफळींच्या बागा उभ्या राहतात. परंतु ज्याचा जन्म माथेरानच्या पायथ्याशी किंवा बोरघाटाच्या सावलीत झाला, त्या कर्जत-खालापूरच्या माणसाच्या वाट्याला डोंगर, भातखाचरे आणि आगगाडीची शिट्टी एवढेच येते, आणि समुद्र म्हणजे अलिबागच्या कचेरीत काही कामासाठी खेटे घालावे लागले असता परतताना घटकाभर पाहून घ्यायची वस्तू, एवढाच त्याचा समुद्राशी संबंध उरतो. मीही त्यांतलाच. उल्हास नदीच्या डोहात पोहायला शिकलो. पण राजमाचीच्या दरीतून निघालेली ही आमची नदी कर्जत, नेरळ, बदलापूर, कल्याण करीत अखेर वसईच्या खाडीत खाऱ्या पाण्याला मिळते, आणि तेथे तिच्या पाण्याची वाट पाहणारे जीव राहतात, हे चाळिशी उलटेपर्यंत माझ्या मनात कधी आले नव्हते. ते आले एका पहाटे, दापोली तालुक्यातल्या मुरूडसमोर एका लहानशा होडीत बसलो असताना.

हे मुरूड जंजिऱ्याचे नव्हे. महर्षी धोंडो केशव कर्वे ह्यांचे. खोपोलीहून पाली, वाकण, माणगाव असे जाऊन, आंबेतला सावित्री ओलांडून मंडणगडमार्गे दापोलीला पोहोचायला आम्हांला जवळजवळ पूर्ण दिवस लागला. बरोबर माझी दहा वर्षांची भाची होती, आणि तिला डॉल्फिन पाहायचे होते. ऑक्टोबरपासून मेपर्यंत ह्या किनाऱ्यावरून होड्या पर्यटकांना घेऊन समुद्रात जातात; पावसाळ्यात दर्या खवळलेला असतो, आणि १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत तर यांत्रिक नौकांच्या मासेमारीलाच सरकारी बंदी असते. होडीवाल्याने आदल्या संध्याकाळीच बजावून ठेवले होते की उजाडताच या. त्याचे कारण दुसऱ्या दिवशी कळले. रात्रभर जमिनीवरून समुद्राकडे वाहणारी मतलई पहाटे मंदावते आणि दुपारचा खारा वारा अद्याप सुटायचा असतो. ह्या दोहोंच्या संधीत तास-दोन तास पाणी असे निश्चल पडून राहते, की त्यावर उमटलेली लहानशी वळीदेखील दुरून ओळखू यावी.

होडी किनारा सोडून उत्तरेकडे वळली तसा समोरून हर्णैचा मुलूख सरकू लागला. भर पाण्यातला सुवर्णदुर्ग, किनाऱ्यावर त्याच्याकडे तोंड करून उभे असलेले कनकदुर्ग, फत्तेदुर्ग आणि गोवा किल्ला, आणि त्यांच्यामागे आंजर्ल्याच्या कड्यावरची दाट झाडी. हा सारा किनारा काळ्या खडकाचा आहे. लाटांनी पोखरलेल्या त्याच्या कपारी आणि पाण्यात घुसलेली टोके पाहताना मला बोरघाटाची आठवण झाली, आणि ती अस्थानी नव्हती, कारण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर पसरलेल्या ज्या लाव्हारसातून आमचा घाट घडला, त्याच लाव्हाचा हा पश्चिमेकडचा काठ. एका उंच झाडाच्या शेंड्यावर पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड बसला होता. मासे आणि समुद्रसाप ह्यांवर जगणारा हा पक्षी वर्षानुवर्षे एकाच घरट्यावर नवी काटकी रचीत जातो, आणि म्हणून किनाऱ्यावरचे एक जुने झाड तोडले गेले तर त्याच्या कित्येक वर्षांच्या संसाराची मोडतोड होते.

तांडेलाने, म्हणजे होडी हाकणाऱ्याने, इंजिन बंद केले. भाची उठून उभी राहिली आणि हातवारे करीत हाका मारू लागली, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "बाय, बस खाली. हाका मारून येणारा नाय तो. श्वास घ्यायला मात्र त्याला वर यायलाच लागतं."

आम्ही बसलो. होडीच्या बुडाला पाणी चुबकचुबक लागत होते, एवढाच आवाज. पाच मिनिटे गेली, दहा गेली. आणि मग उजव्या अंगाला, वीस-पंचवीस हातांवर, कुणी दमलेल्या माणसाने सुस्कारा सोडावा तसा "फुस्स" असा आवाज झाला. आधी पाण्यातून लांबट चोच तिरपी वर आली, मागोमाग शिसवी-करडी पाठ वळली, पाठीवरचा मांसल उंचवटा दिसला, त्या उंचवट्यावर बसवल्यासारखा बारका पर दिसला, आणि पाण्याने सगळे पुन्हा आपल्या पोटात घेतले. क्षणभराने त्याच ठिकाणी दुसरा सुस्कारा, पण फार लहान. आईच्या कुशीला चिकटून एक फिकट रंगाचे पिल्लू वर आले होते. भाचीने माझे मनगट घट्ट धरले होते. ते तिने बराच वेळ सोडले नाही.

पाठीवरील ह्या उंचवट्यामुळे ह्या प्राण्याला कुबडा डॉल्फिन म्हणतात. मालवणाकडचे मच्छीमार त्याला गादा म्हणतात. मासा नव्हे, सस्तन प्राणी. फुप्फुसांनी श्वास घेणारा, पिल्लाला दूध पाजणारा, पूर्ण वाढला म्हणजे अडीच मीटरांहून थोडा लांब. जगातील इतर कुबड्या डॉल्फिनांहून आपल्याकडचा हा वेगळा आहे, असे २०१४ साली शास्त्रज्ञांनी ठरवले. दक्षिण आफ्रिकेपासून भारताच्या किनाऱ्यापर्यंत तो आढळतो, आणि जागतिक लाल यादीत त्याची नोंद संकटग्रस्त म्हणून आहे. त्याच्या संकटाचे मूळ त्याच्या राहण्याच्या जागेत आहे. खोल समुद्र त्याला मानवत नाही. किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर, वीस-पंचवीस मीटरांहून उथळ पाण्यात आणि विशेषेकरून खाड्यांच्या मुखाशी तो वावरतो, कारण बोय, ढोमी, तारली हे त्याचे अन्न तेथेच असते. म्हणजे माणसाच्या होड्या, जाळी, बंदरे आणि सांडपाणी ज्या चिंचोळ्या पट्ट्यात एकवटली आहेत, नेमक्या त्याच पट्ट्यात त्याला आयुष्य काढायचे असते. आणि मादीला साधारणतः तीन वर्षांतून एकदाच एक पिल्लू होत असल्याने, झालेली हानी भरून निघायला काळही फार लागतो.

थोड्या वेळाने किनाऱ्याकडून आणखी दोन होड्या आल्या. प्रवाशांना डॉल्फिन दाखवल्यावाचून पैसे वसूल झाल्यासारखे वाटत नाहीत, आणि होडीवाल्यालाही दिवसाच्या खेपा करायच्या असतात. तेव्हा पाठ दिसताच इंजिनाचा आवाज चढला, दोन्ही होड्या दोन बाजूंनी त्या ठिकाणावर धावल्या, लोकांनी शिट्ट्या घातल्या, आणि पुढचा सुस्कारा ऐकू आला तो पार दूर, गादा आणि तिचे पिल्लू दक्षिणेला निघून जाताना. मला त्या प्रवाशांचा राग आला नाही, वाईट मात्र फार वाटले; कारण आपण काय करीत आहोत हे त्यांना कुणी सांगितलेलेच नव्हते.

खाडीमुखाशी पाणी गढूळ असते आणि त्यात डोळ्यांचा उपयोग थोडा. म्हणून डॉल्फिन अतिशय बारीक टकटक आवाज काढतो, तो माशावर किंवा खडकावर आदळून परत आला की त्या प्रतिध्वनीवरून समोरची वस्तू कोणती, किती दूर, कोणत्या दिशेला चाललेली, हे त्याला उमगते. त्याचे पाहणे म्हणजे ऐकणेच होय. पाण्यात ध्वनी हवेपेक्षा चौपटीहून अधिक वेगाने, सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर, जातो आणि दूरवर पोहोचतो. अशा पाण्यात चार इंजिने एकदम घरघरू लागली म्हणजे आईची शिकार तर चुकतेच, पण पिल्लाची हाकही तिला ऐकू येईनाशी होते. म्हणून होडीत बसणाऱ्याने तांडेलाला आरंभीच सांगावे, की आम्हांला घाई नाही. प्राणी दिसल्यावर वेग कमी करा, त्याच्या समोरून आडवे जाऊ नका, त्याला वेढू नका, शक्य तेथे इंजिन बंद ठेवा, आणि पिल्लू बरोबर असेल तर लवकर परत फिरा. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ ह्याच्या पहिल्या अनुसूचीत हा प्राणी आहे, म्हणजे वाघाला जे कायद्याचे संरक्षण तेच ह्यालाही आहे. परंतु दर्यावर कायद्याचा अंमल करायला प्रत्येक होडीत कारकून बसू शकत नाही, तेथे प्रवाशाची मागणीच कामी येते. मी हे कळकळीने लिहितो, कारण आम्ही मागितलेला अर्धा तास तांडेलाने आनंदाने दिला होता, आणि आम्ही जे पाहिले ते त्या अर्ध्या तासातच पाहिले.

मच्छीमारांविषयी एक गोष्ट इथे नमूद केली पाहिजे. जाळ्यात डॉल्फिन किंवा कासव सापडले, तर त्याला सोडवण्यासाठी कित्येकदा जाळे कापावे लागते आणि हजारो रुपयांचे नुकसान सोसावे लागते. २०१८च्या डिसेंबरात महाराष्ट्र शासनाने अशा नुकसानीपोटी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची तजवीज केली. जाळे कापून प्राणी सोडल्याचे छायाचित्रादी पुरावे देऊन पुष्कळ मच्छीमारांनी तिचा लाभ घेतला आहे. पोटाच्या व्यवसायावर पाणी पडू न देता करुणेला वाट करून देणारी ही योजना मला फार मोलाची वाटते.

परतताना खोपोलीत पाताळगंगेच्या पुलावर मी गाडी थांबवली. येथील टाटांचे जलविद्युत केंद्र १९१५ सालचे. घाटमाथ्यावरील तलावांचे पाणी नळांतून उतरते, वीज देते आणि पाताळगंगेत येते, म्हणून भर वैशाखातही ही नदी वाहती असते. पुढे रसायनीच्या कारखान्यांवरून ती धरमतरच्या खाडीला मिळते, आणि खाडीचे तोंड रेवस व करंजा ह्यांच्यामधून मुंबई बंदराच्या पाण्यात उघडते. अशी खाडीमुखे ही गादाची आवडती जागा. नदीत सोडलेली काही घातक रसायने सहजासहजी विघटित होत नाहीत. ती माशांतून डॉल्फिनच्या चरबीत साठत जातात, आणि आईच्या दुधावाटे पिल्लाच्या शरीरात उतरतात. खालापुरात नदीकाठी काय सोडले जाते, हा प्रश्न केवळ खालापूरचा राहत नाही, तो ह्यामुळे.

दापोलीला जाणे ज्यांना साधत नाही, पण खाडीच्या पाण्यावर जगणारे जीव पाहायचे आहेत, त्यांनी लोकल गाडीने ऐरोलीला जावे. ठाणे खाडीतील सुमारे १,६९० हेक्टरांचे रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचे अभयारण्य २०१५ साली घोषित झाले, आणि २०२२ साली त्याला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. तेथील वनखात्याच्या केंद्रावरून भरतीची वेळ साधून नौका निघते, आणि चिखलात चोच उलटी घालून शेवाळ गाळून खाणारे हजारो गुलाबी पक्षी जवळून दिसतात. उन्हे तापण्याआधीची खेप घ्यावी.

त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी काही कामानिमित्त आम्ही रेवसहून भाऊच्या धक्क्याला लाँचने निघालो. कुरव पक्षी लाँचमागे घिरट्या घालीत होते, आणि उतारू त्यांच्याकडे कुरकुरे भिरकावीत होते. भाचीने ते पाहिले, पण ती तिकडे गेली नाही; ती कठड्याला टेकून दुसऱ्या बाजूच्या, धरमतरकडून येणाऱ्या गढूळ पाण्याकडे टक लावून उभी राहिली. एका खलाशाने तिला विचारले, "काय गं बाय, काय पडलं पाण्यात?"

"काही नाही, काका," ती म्हणाली. "कुणी श्वास घ्यायला वर येतंय का, ते बघतेय."