कड गेली, चमक आली

पुण्यात लक्ष्मी रोडवरच्या घड्याळाच्या दुकानात थोडा वेळ उभं राहिलं, की एक वाक्य हमखास कानावर पडतं : ‘सर्व्हिसिंगला टाकतोच आहे, तर जरा पॉलिशही मारून द्या.’ एका स्नेह्यांनी वडिलांचं स्टीलचं ओमेगा असंच एका ठिकाणी दिलं. परत आलं ते लखलखत. घरच्यांनी ‘अगदी नवंकोरं!’ म्हणून कौतुक केलं. त्यांना मात्र काहीतरी खटकत होतं, आणि नेमकं काय ते सांगता येत नव्हतं.

भिंगाखाली धरलं तेव्हा उलगडा झाला. पट्टा ज्यांच्यात अडकतो त्या चार पायांना घड्याळवाले लग म्हणतात. या लगांच्या माथ्यावर पूर्वी बारीक, समांतर रेषांचं फिनिश होतं. बाजू आरशासारख्या गुळगुळीत, आणि दोन्हींच्या मध्ये बोटाला जाणवेल अशी सरळ कड. आता रेषा गायब, कडही गायब. माथा कुठे संपतो आणि बाजू कुठे सुरू होते, तेच कळेना. चारांपैकी एक लग उघडउघड बारीक झालेला. मागच्या झाकणावर कोरलेल्या सागरी घोड्याची आयाळ पुसट झालेली. चरे मात्र एकूण एक गेले होते. कारागिराने सांगितलेलं काम चोख केलं होतं, हीच तर पंचाईत!

बुटाला पॉलिश लावतात. घड्याळाला पॉलिश करताना काहीच लावत नाहीत, काढतात. चमक हा थर नाही, ती वजाबाकी आहे. आणि ही वजाबाकी नक्की कशी चालते, यावर भल्याभल्यांनी डोकं चालवलं आहे. १७०४ सालच्या ‘ऑप्टिक्स’ या ग्रंथात न्यूटनने म्हटलं होतं, की पॉलिशने काचेवरचे ओरखडे नाहीसे होत नाहीत, ते फक्त डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक होतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जॉर्ज बील्बी या शास्त्रज्ञाने वेगळं मत मांडलं : पॉलिश करताना पृष्ठभाग जणू वाहतो आणि खाचा भरून निघतात. पुढे सूक्ष्मदर्शकं सुधारली, तशी न्यूटनची बाजू बरीच वर आली. अगदी मऊ वाटणारी पूडसुद्धा धातू कापतच असते. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी. खाचा त्याहून पुष्कळ लहान झाल्या, की प्रकाशाला त्यांची दखलच घेता येत नाही. तो सरळ परावर्तित होतो आणि आपण म्हणतो, काय चमकतंय! आरसा म्हणजे ओरखड्यांचा अभाव नव्हे, अतिसूक्ष्म ओरखड्यांची प्रचंड गर्दी आहे. मला तरी ही गोष्ट कळल्यापासून स्टीलच्या वाटीकडेही पूर्वीसारखं बघता येत नाही.

याहून गमतीची गोष्ट चऱ्याची. बांधकामाच्या धुळीतला वाळूचा कण स्टीलपेक्षा कठीण असतो. तो घासला गेला की चरा पडतो. पण त्या चऱ्यातला धातू बहुतांशी कुठे गेलेला नसतो. नांगराच्या तासाला माती दोन्ही अंगांना सरावी, तसा तो कडेला सरकलेला असतो. घड्याळाचं वजन जवळपास तेवढंच. आता तो चरा ५० मायक्रॉन खोल असेल आणि त्याचा मागमूसही नको असेल, तर उपाय एकच : आजूबाजूचा सगळा पृष्ठभाग ५० मायक्रॉनने खाली आणायचा. चऱ्याने नेलं नाही ते पॉलिश नेतं.

मग सगळा पृष्ठभाग सारखाच का झिजत नाही? कडांवरच घाला का? गुन्हेगार आहे तो पॉलिशच्या फिरत्या चाकाचा मऊपणा. कापडाचं चाक सपाट भागावर दाबलं, की दाब पसरतो. तेच कडेवर आलं, की कापड दोन्ही बाजूंनी खाली वाकतं आणि सगळा जोर त्या रेघेवर येतो. त्यात घड्याळाचं स्टेनलेस स्टील उष्णता फार मंदपणे वाहून नेतं. तांब्याच्या मानाने पंचविसाव्या हिश्श्याइतकंही नाही. त्यामुळे घर्षणाची उष्णता जागीच साठते, आणि घाईने दाबून धरलेली कड बघता बघता गोल होते.

हेच दुखणं पुण्यात अगदी वेगळ्या मंडळींनाही ठाऊक आहे. विद्यापीठाच्या आवारातल्या ‘आयुका’ या खगोलशास्त्राच्या केंद्रात हौशी लोकांसाठी दुर्बिणी बनवण्याच्या कार्यशाळा होत आल्या आहेत. तिथे काचेची चकती कार्बोरंडमने घासायची, मग डांबरासारख्या पिचच्या थरावर सिरियम ऑक्साइडने पॉलिश करायची. आरशाचा आकार तरंगलांबीच्या लहानशा अंशाइतका अचूक यावा लागतो. आणि इतकी मेहनत करूनही नवशिक्यांना हटकून छळते ती खाली वळलेली कड! दुर्बीणवाल्यांची सुटका त्यातल्या त्यात सोपी : बिघडलेल्या कडेवर काळी पट्टी बसवून ती झाकून टाकायची. हबल दुर्बिणीच्या २.४ मीटरच्या आरशाचंही असंच झालं, पण कारण निराळं. मापनाचं उपकरण चुकीचं जुळवलं गेल्याने आरसा कडेकडे सुमारे २ मायक्रॉनने जास्त सपाट घासला गेला. १९९० मध्ये दुर्बीण अवकाशात गेल्यावर ते उघडकीला आलं. १९९३ मध्ये अंतराळवीरांनी वर जाऊन चूक भरून काढणारी प्रकाशयंत्रणा बसवली. आरशाला हात लावला नाही.

कड वाचवायची तर मऊ चाक टाळायचं, हे जपान्यांनी मनावर घेतलं. ग्रँड सेइकोच्या १९६७ सालच्या ४४जीएस घड्याळापासून धारदार कडा आणि विकृती नसलेले सपाट आरसे ही त्यांची ओळख झाली. तिथे कारागीर घड्याळाची डबी फिरत्या धातूच्या सपाट तबकडीवर हाताने टेकवतो. कोन जरा चुकला, की काम वाया.

धातू न गमावता चमक आणण्याची कला मात्र आपल्या पुण्याच्या कसबा पेठेत आहे. तांबट आळीत तांब्याच्या भांड्यावर हातोडीने एकसारखे ठोके देतात. त्याला माठारकाम म्हणतात. प्रत्येक ठोक्याने धातू तिथल्या तिथे दबतो, कठीण होतो आणि चकाकतो. वजन तेवढंच राहतं! घड्याळाच्या डबीला अर्थातच हे औषध चालत नाही.

तर मग बिघडलेल्या घड्याळाचं करायचं काय? पहिली गोष्ट, ‘पुन्हा एकदा नीट करून देतो’ या प्रेमळ प्रस्तावाला नकार. दुसरा हात म्हणजे दुसरी वजाबाकी. तिरप्या उजेडात सगळ्या बाजूंचे फोटो काढावेत आणि त्याच मॉडेलच्या न घासलेल्या घड्याळाच्या फोटोंशी ताडून बघावेत. नुसत्या रेषा गेल्या असतील तर त्या परत ओढता येतात, फारसा धातू न घालवता. पाण्यापासूनचं संरक्षण तपासून घ्यावं, कारण निष्काळजीपणे काम झालं असेल तर चावीच्या नळीत पॉलिशचा मळ शिरलेला असू शकतो. कडाच गेल्या असतील, तर आता लेसर वेल्डिंग आहे. त्याच जातीच्या स्टीलची बारीक तार लेसरच्या ठोक्यांनी वितळवून लगावर थेंबाथेंबाने भर घालतात आणि मग सपाट तबकडीवर मूळ कड नव्याने कोरतात. चार दशकांपूर्वीचा आकार असा परत उभा राहताना बघणं थक्क करणारं आहे. पण ते खर्चिक असतं आणि मोजक्या लोकांनाच जमतं. विकताना ही दुरुस्ती सांगायलाच हवी. डबीवरचे झिजलेले अनुक्रमांक पुन्हा कोरून घेण्याच्या भानगडीत तर पडूच नये. संग्राहकांना तिथे लबाडीचा वास येतो.

दुकानदाराशी भांडायचं असेल तर पावतीवर ‘फक्त सर्व्हिसिंग’ लिहिलं होतं की ‘पॉलिश’ही, हे आधी बघा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली सेवेतल्या त्रुटीची तक्रार दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे करता येते. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यातच ग्राहक पंचायत सुरू केली, त्यामुळे निदान या शहरात तरी दुकानदाराला जाब विचारताना कुणी संकोच करू नये.

सोन्याचा मुलामा असलेल्या घड्याळांच्या बाबतीत तर प्रश्न चटकन निकालात निघतो. जुन्या स्विस घड्याळांच्या मागे मुलाम्याची जाडी अनेकदा छापलेली सापडते : २० मायक्रॉन. वरचा ५० मायक्रॉनचा हिशेब इथे लावून पाहा. चरा जाण्याआधीच खालचं पितळ बाहेर येईल. अशा घड्याळाला मऊ, कोरडं फडकं पुरे.