कमी बजेटमध्ये घरचा डेस्कटॉप

मुलांसाठी डेस्कटॉप जुळवताना आम्ही सगळे पैसे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डवर घातले. एसएमपीएस दुकानदाराने दिला तो घेतला. मस्कतच्या पहिल्याच उन्हाळ्यात तो गेला आणि जाताना मदरबोर्डही घेऊन गेला!

आता आमचा हिशेब उलटा. इथे पारा ४० अंशांवर जातो, धूळही भरपूर. म्हणून आधी '८० प्लस' खूण असलेला, चांगल्या कंपनीचा एसएमपीएस (वीज उष्णतेत कमी वाया जाते) आणि पुढे जाळी असलेले कॅबिनेट. अभ्यासाला प्रोसेसरमधलेच ग्राफिक्स पुरते; मात्र इंटेलच्या नंबरशेवटी 'एफ' असेल तर ते नसते. एसएसडी हवीच. ग्राफिक्स कार्ड, जास्तीची रॅम नंतर बसवता येते.

भारतात परतताना बहुधा फक्त पॉवर कॉर्ड बदलावी लागते!