मारिओचा जुना सिनेमा आणि घरातला मोबाइल



पावसाळ्यात अर्नाळ्याच्या होड्या किनाऱ्यावर शाकारून ठेवलेल्या असतात, मासळीची धावपळ कमी असते. त्या दिवसांत आमच्या बचत गटाच्या बैठकीनंतर आम्ही सगळ्याजणींनी एक जुना इंग्रजी सिनेमा पाहिला. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’, साल १९९३. व्हिडिओ गेमवरून हॉलिवूडने काढलेला हा पहिला मोठा सिनेमा. पोरं मोबाइलमध्ये एवढं काय बघतात, ते समजून घ्यायचं होतं.

आधी मारिओ कोण ते सांगतो. जपानच्या निन्टेन्डो कंपनीतल्या शिगेरू मियामोतो यांनी १९८१ साली ‘डाँकी काँग’ या गेममध्ये त्याला आणलं. तेव्हा तो सुतार होता, पुढे प्लंबर झाला. त्या काळी चित्र मोजक्याच ठिपक्यांचं असे. तोंड नीट काढता येईना म्हणून मिशी दिली, केस हलताना दाखवता येईनात म्हणून टोपी घातली. १९८५ साली ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा गेम आला. उड्या मारायच्या, नाणी गोळा करायची, राजकन्येला सोडवायचं, एवढीच त्याची गोष्ट. आपल्यापैकी कित्येकींच्या भावांनी टीव्हीला डबा जोडून, कॅसेट घालून तो खेळला असेल.

सिनेमात मारिओ आणि लुईजी हे न्यूयॉर्कचे दोघे प्लंबर भाऊ. डायनासोरच्या वंशातल्या लोकांचं एक वेगळं शहर, तिथला दुष्ट राजा कूपा. डेझी नावाची मुलगी जमिनीतून डायनासोरची हाडं काढून अभ्यास करते. तिला पळवून नेतात आणि हे भाऊ सोडवायला जातात. गटातल्या एका मावशी लगेच म्हणाल्या, “एवढी शिकलेली पोर, आणि सोडवायला बाप्येच?” गंमत म्हणजे सिनेमाच्या दोन दिग्दर्शकांपैकी एक बाई होती, ॲनाबेल जँकल.

हिशेब आपल्याला कळतो, म्हणून तोही सांगतो. खर्च सुमारे ४ कोटी ८० लाख डॉलर; अमेरिकेतल्या थिएटरांत जमले सुमारे २ कोटी १० लाख. सिनेमा पडला. गेममधलं रंगीत, हसरं जग बघायला आलेल्या मुलांना अंधारं, चिखलट शहर दिसलं. पुढे २०२३ साली त्याच मारिओचा कार्टून सिनेमा आला, गेमसारखाच रंगीत. त्याने जगभरात सव्वाशे कोटी डॉलरहून जास्त कमावले. गिऱ्हाईक काय घ्यायला आलंय ते ओळखून माल मांडावा, हे मासळी विकणाऱ्या बाईला वेगळं सांगायला नको.

पण आमच्या कामाची गोष्ट दुसरीच निघाली. सिनेमात आपण नुसतं बसून बघतो, म्हणून गोष्ट भरीव लागते. गेममध्ये गोष्ट पातळ असली तरी चालते, कारण उडी आपणच मारायची असते. चुकलो तर लगेच पुन्हा डाव, जिंकलो तर पुढची लेवल. मुलाचा हात त्यात गुंतलेला असतो, म्हणून हाक मारली तरी त्याला ऐकू येत नाही. मधेच मोबाइल हिसकावला तर तो चिडतो. त्यापेक्षा “ही लेवल झाली की ठेव” असं आधीच ठरवून घ्या आणि ठरलेलं पाळायला लावा. कधी शेजारी बसून विचारा, “हा कोण रे? आता काय करायचं?” पोर खुशीने सांगतं, आणि तो काय खेळतो तेही आपल्याला कळतं.

हे कळणं गरजेचं आहे. मारिओची नाणी खोटी असतात, त्यांनी घरातला रुपया जात नाही. पण काही गेममध्ये खरे पैसे लावायला सांगतात. ऑगस्ट २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने अशा ऑनलाइन गेमवर देशभर बंदी आली आहे. तरीही कुणी लिंक पाठवतं, बक्षिसाचं आमिष दाखवतं. आपल्या गटाचा हप्ता ज्या खात्यातून जातो, तेच खातं बहुतेकींच्या मोबाइलला जोडलेलं आहे. म्हणून पैसे पाठवायचा पिन मुलांना सांगू नका आणि खात्याचे मेसेज रोज बघा. फसवणूक झाली तर लाजून गप्प बसू नका, ताबडतोब १९३० या नंबरवर फोन करा. जितका लवकर फोन, तितकी पैसे अडवले जाण्याची आशा जास्त.

पुढच्या बैठकीत प्रत्येकीने एवढंच सांगायचं: माझं मूल कोणता गेम खेळतं, आणि त्यात पैसे मागतात का?