कॅमेरा उघडला, अर्ज कोरा झाला

ऑनलाइन अर्ज निम्मा भरून झालाय. आधार कार्डाचा फोटो हवा म्हणून तुम्ही कॅमेरा उघडता, फोटो काढून परत येता, तर अर्ज कोरा करकरीत! आपण नेटवर्कला शिव्या घालतो. पुष्कळदा खरं कारण असतं अपुरी रॅम.

हल्ली फोन एका क्लिकला एकच फोटो काढत नाही. तो लागोपाठ अनेक फ्रेम टिपतो आणि त्या एकमेकींवर जुळवून एक स्वच्छ चित्र तयार करतो. 2016 च्या गूगल पिक्सेलची सारी मदार याच युक्तीवर होती. 12 मेगापिक्सेलची कच्ची फ्रेम, पिक्सेलमागे 10 बिट धरले, तर 15 एमबीची भरते. अशा दहा म्हणजे रॅममध्ये 150 एमबी. पुढच्या प्रक्रियेला लागणारी जागा निराळीच. मग अँड्रॉइड मागे उघडी राहिलेली अ‍ॅप गुपचूप बंद करतं. त्यात तुमचा अर्जही जातो.

दुकानात मात्र आपण मेगापिक्सेल विचारत बसतो. 2020 च्या गॅलेक्सी एस20 अल्ट्राचा सेन्सर 108 मेगापिक्सेलचा, पण एकेक पिक्सेल जेमतेम 0.8 मायक्रॉनचा. एवढ्याशा ठिपक्यावर उजेड पडणार तो किती? म्हणून एरवी नऊ शेजारी पिक्सेलांचा मिळून एक धरतात आणि हाती येतो 12 मेगापिक्सेलचा फोटो.

तेव्हा नवा फोन घेताना सेन्सरचा आकार विचारा. आणि दुकानदार कंटाळला तरी चालेल, चार-पाच अ‍ॅप उघडून कमी उजेडात एक फोटो काढा आणि पहिल्या अ‍ॅपवर परत जाऊन बघा, ते होतं तसंच आहे का.