दूध, तेल, अंडी का महागतात? एकदा पेट्रोलच्या टाकीकडेही बघूया

महिन्याचा पहिला आठवडा आला की घराघरात किराण्याची यादी निघते. तेलाचा डबा, साखर, तांदूळ, चहापत्ती, मुलांसाठी बिस्किटं. यादी तीच असते, बिल मात्र दर वेळी थोडं वाढलेलं असतं. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणतो, "भाभी, आमच्या हातात काय आहे? वरूनच महाग येतंय." दूधवाला म्हणतो, "पेंड महागली." चिकनवाला म्हणतो, "खाद्य महागलं." तिघंही खोटं बोलत नाहीत. पण हे 'वर' म्हणजे नेमकं कुठे, हे कुणी सांगत नाही.

महागाईची कारणं अनेक आहेत. पाऊस, डिझेल, साठेबाजी, आयात शुल्क, युद्ध. त्यातलं एक कारण असं आहे की ज्याची घरात फारशी चर्चा होत नाही. आपण खातो किंवा आपली जनावरं खातात त्या धान्याला आता एक नवं गिऱ्हाईक मिळालं आहे. ते गिऱ्हाईक म्हणजे गाडीची टाकी. हे गणित आपल्या स्वयंपाकघरापर्यंत कसं पोहोचतं, ते आज आम्ही सोप्या भाषेत मांडत आहोत.

सुरुवात आपल्याच महाराष्ट्रातून

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा प्रयोग देशात 2001 मध्ये तीन ठिकाणी झाला. त्यातली दोन ठिकाणं महाराष्ट्रातली होती, मिरज आणि मनमाड. तिसरं उत्तर प्रदेशातलं बरेली. 2003 मध्ये काही राज्यांत 5 टक्के मिश्रणाची योजना सुरू झाली. पण दहा वर्षं ती रखडतच चालली. 2013-14 मध्ये मिश्रण जेमतेम दीड टक्का होतं.

खरा वेग 2018 च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणानंतर आला. जून 2022 मध्ये देशाने 10 टक्क्यांचा टप्पा गाठला. 20 टक्क्यांचं उद्दिष्ट आधी 2030 साठी होतं, ते अलीकडे ओढून 2025-26 वर आणलं गेलं, आणि 2025 मध्येच ते गाठलंही. आज पंपावर आपण 5 लिटर पेट्रोल भरतो, तेव्हा त्यात साधारण 1 लिटर इथेनॉल असतं.

यामागचा हेतू वाईट नाही. परदेशातून आणावं लागणारं कच्चं तेल कमी व्हावं, परकीय चलन वाचावं, साखर कारखान्यांना पैसा मिळावा आणि उसाची थकलेली बिलं शेतकऱ्याला वेळेत मिळावीत. महाराष्ट्रातल्या ऊस पट्ट्यात याचा फायदा झालाही. प्रश्न वेगळा आहे. एवढं इथेनॉल बनतं कशापासून?

ऊस, तांदूळ आणि मका

आधी इथेनॉल मुख्यतः मळीपासून बनत होतं. मग थेट उसाच्या रसापासून बनू लागलं. 2023 साली महाराष्ट्र आणि कर्नाटकात पाऊस कमी झाला आणि साखर कमी पडेल अशी भीती निर्माण झाली. तेव्हा 7 डिसेंबर 2023 रोजी केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करायला मनाई केली. आठवडाभरात ती थोडी सैल केली, पण इथेनॉलकडे वळवायच्या साखरेवर 17 लाख टनांची मर्यादा घातली. ही मर्यादा ऑगस्ट 2024 मध्ये उठली.

दरम्यान तांदळाचंही तसंच झालं. जुलै 2023 मध्ये सरकारी गोदामातला तांदूळ इथेनॉलसाठी देणं थांबवलं गेलं. मग उद्दिष्ट पूर्ण कसं करायचं? उत्तर सापडलं मक्यात. जानेवारी 2024 मध्ये तेल कंपन्यांनी मक्याच्या इथेनॉलचा दर लिटरला 71 रुपये 86 पैसे केला. उसाच्या रसाच्या इथेनॉलला त्या वेळी 65 रुपये 61 पैसे मिळत होते. साहजिकच कारखाने मक्याकडे वळले. 2023-24 मध्ये मका हा इथेनॉलचा सर्वांत मोठा स्रोत बनला.

याचा परिणाम काय झाला? जो भारत मका निर्यात करायचा, त्याच भारताला 2024 मध्ये म्यानमार आणि युक्रेनमधून मका आणावा लागला.

एक साधा हिशेब

एक टन मक्यापासून साधारण 380 लिटर इथेनॉल निघतं. म्हणजे 1 लिटर इथेनॉलला अडीच किलोपेक्षा थोडा जास्तच मका लागतो.

आता कोंबडीचं बघू. दोन किलोची ब्रॉयलर कोंबडी तयार व्हायला साधारण सव्वातीन ते साडेतीन किलो खाद्य लागतं. त्यात 60 टक्क्यांच्या आसपास मका असतो, म्हणजे जवळपास 2 किलो. याचा अर्थ असा की मक्याचं इथेनॉल असलेलं 5 लिटर पेट्रोल मोटरसायकलमध्ये भरलं, तर एका कोंबडीला पुरला असता एवढा मका त्यात गेला.

सगळं इथेनॉल मक्याचं नसतं, हे खरं. इथेनॉल काढल्यावर टनामागे साधारण 300 किलो चोथा उरतो आणि तो पशुखाद्यात परत येतो, हेही खरं. पण बाजारात भाव ठरतो तो शेवटच्या पोत्यासाठी किती जण भांडतात त्यावर. पूर्वी मक्यासाठी पोल्ट्रीवाले, पशुखाद्यवाले आणि स्टार्चचे कारखाने भांडायचे. आता त्यांच्यात तेल कंपन्यांचं हमखास गिऱ्हाईक असलेला इथेनॉल कारखाना आला. म्हणूनच पोल्ट्रीवाल्यांच्या संघटनांनी शुल्काशिवाय मका आयात करू द्या, अशी मागणी केली.

दुधापर्यंत हे कसं पोहोचतं?

दुधाच्या उत्पादन खर्चात सर्वांत मोठा वाटा चारा आणि खुराकाचा असतो. गायी-म्हशीच्या दावणीत काय पडतं ते पाहा. मक्याचा भरडा, मक्याचा मूरघास, सरकी पेंड, गोळी पेंड, उसाचं वाढं. गोळी पेंडीत मळीही वापरली जाते, आणि हीच मळी इथेनॉललाही लागते. जानेवारी 2024 मध्ये सरकारने मळीच्या निर्यातीवर 50 टक्के शुल्क लावलं, ते ती देशातच राहून इथेनॉलला मिळावी म्हणून.

मक्याला दाण्यासाठी चांगला भाव मिळायला लागला की शेतकरी हिरवा मका चाऱ्यासाठी विकायला कमी तयार होतो. खुराक महागतो. गोठेवाल्याचं गणित बिघडतं. अमूलने जून 2024 मध्ये दुधाचे दर लिटरमागे 2 रुपयांनी वाढवले, आणि 1 मे 2025 पासून पुन्हा 2 रुपयांनी. ही सगळी वाढ इथेनॉलमुळे झाली, असं म्हणणं चुकीचं ठरेल. वाहतूक, पॅकिंग, उन्हाळ्यात घटणारं दूध, हे सगळं त्यात येतं. पण खुराकाच्या खर्चात इंधनाचा हात आहे, एवढं नक्की.

आणि वाढीव दर गोठ्यापर्यंत पोहोचतोच असं नाही. 2024 मध्ये शहरात पिशवी महाग होत असताना महाराष्ट्रातले दूध उत्पादक भावासाठी आंदोलन करत होते. शेवटी सरकारला जुलैपासून लिटरमागे 5 रुपये अनुदान द्यावं लागलं. घेणाराही नाराज, देणाराही नाराज.

तेलाचा डबा आणि इंडोनेशिया

खाद्यतेलाची गोष्ट आणखी लांबून येते. भारत आपल्या गरजेच्या निम्म्याहून जास्त खाद्यतेल आयात करतो. त्यात मोठा वाटा पामतेलाचा, आणि ते येतं मुख्यतः इंडोनेशिया आणि मलेशियातून. आपण घरात पामतेल वापरत नाही असं म्हणतो. पण फरसाण, बिस्किटं, वनस्पती तूप, बेकरीचा माल, हॉटेलातली कढई, सगळीकडे तेच असतं.

इंडोनेशिया हेच पामतेल डिझेलमध्ये मिसळतो. 2020 मध्ये 30 टक्के, 2023 मध्ये 35 टक्के आणि 2025 पासून 40 टक्के. जेवढं तेल तिथल्या ट्रकमध्ये जातं, तेवढं जगाच्या बाजारात कमी येतं.

2022 चं उदाहरण आठवा. जगातला सर्वांत मोठा पामतेल उत्पादक असलेल्या या देशातच लोक खाद्यतेलासाठी रांगा लावत होते. युक्रेन युद्धामुळे सूर्यफूल तेलही अडकलं होतं. 28 एप्रिलला, म्हणजे ऐन रमजानच्या शेवटच्या दिवसांत, इंडोनेशियाने पामतेलाची निर्यातच बंद केली. 23 मे रोजी ती पुन्हा सुरू झाली. त्या वर्षी ईदच्या बाजारात तेलाचा भाव ऐकून हात आखडता घ्यावा लागला, हे बऱ्याच घरांना आठवत असेल.

त्यात आपलं शुल्कही भर घालतं. सप्टेंबर 2024 मध्ये केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरचं एकूण आयात शुल्क साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीस टक्के केलं. सोयाबीन शेतकऱ्याला भाव मिळावा हा हेतू होता. मे 2025 च्या शेवटी ते साडेसोळा टक्क्यांवर आणलं.

मग शेतकऱ्याचं भलं झालं का?

काहींचं झालं. नाशिक, जळगाव, छत्रपती संभाजीनगर भागातल्या मका उत्पादकाला 2024 मध्ये चांगला दर मिळाला. पण त्याच वेळी लातूर आणि विदर्भातला सोयाबीनवाला अडचणीत होता. इथेनॉलचा स्वस्त चोथा पशुखाद्यात आल्यामुळे सोयापेंडीची मागणी घटली. 2024-25 ला सोयाबीनचा हमीभाव 4,892 रुपये होता, बाजारात मात्र अनेकांना त्याहून बरंच कमी मिळालं.

मक्याचंही सुख टिकलं नाही. भाव बघून सगळ्यांनी मका पेरला. 2025 च्या खरिपात पीक भरपूर आलं, सरकारी तांदूळही इथेनॉलला पुन्हा मिळू लागला होता, आणि भाव 2,400 रुपयांच्या हमीभावाच्या खाली गेले. कर्नाटकात मका उत्पादक रस्त्यावर उतरले.

हे फक्त आपल्याकडे नाही

जानेवारी 2007 मध्ये मेक्सिको सिटीत हजारो लोक टॉर्टिया, म्हणजे मक्याची पोळी, महागली म्हणून रस्त्यावर आले होते. शेजारच्या अमेरिकेत मका मोठ्या प्रमाणात इथेनॉलकडे वळत होता. 2008 च्या जागतिक अन्नटंचाईत जागतिक बँकेचे अर्थतज्ज्ञ डोनाल्ड मिचेल यांनी जैवइंधन हे भाववाढीचं एक मोठं कारण असल्याचं दाखवलं होतं. म्हणजे आज आपण जे बघतोय त्याचा इशारा जगाला आधीच मिळाला होता.

आपण काय करू शकतो?

इथेनॉल बंद करा, अशी आमची मागणी नाही. मागणी अशी आहे की आधी पोट, मग टाकी. 2023 मध्ये साखर कमी पडेल असं दिसताच सरकारने नळ बंद केला होता. म्हणजे ते करता येतं. मका, तांदूळ आणि खुराकाच्या बाबतीतही असा नियम आधीच ठरलेला असावा. भाव एका मर्यादेपुढे गेला की इंधनाकडे जाणारं धान्य आपोआप कमी व्हावं. भाताच्या काडापासून इथेनॉल करणारा कारखाना ऑगस्ट 2022 मध्ये पानिपतला सुरू झाला. अशा टाकाऊ मालावर जास्त भर हवा. निवडणुकीत मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

घरापुरतं बोलायचं तर महिन्याच्या खर्चात दूध, तेल, अंडी-चिकन आणि पेट्रोल या चार गोष्टी वहीत वेगळ्या लिहा. तीन महिन्यांत चित्र स्पष्ट होईल. सण किंवा लग्नाच्या आधी एकदम खरेदी करण्यापेक्षा भाव उतरलेले असताना टिकणारा माल थोडा थोडा घ्या. मोहल्ल्यातल्या चार-पाच घरांनी मिळून तेल-तांदूळ घाऊक बाजारातून आणला तर फरक पडतो. शक्य असेल तिथे गोठेवाल्याकडून थेट दूध घ्या. त्यालाही दोन पैसे जास्त मिळतात. आणि दस्तरखानावर अन्न वाया जाऊ देऊ नका. ही शिकवण आपल्याला नवीन नाही. ज्या धान्यासाठी आता गाड्याही रांगेत उभ्या आहेत, त्याचा एक घासही टाकून देणं परवडणारं नाही.

पुढच्या वेळी दूधवाला "पेंड महागली" म्हणाला तर त्याच्यावर रागावू नका. तो ज्या बाजारात पेंड घ्यायला जातो, तिथे आता गाडीची टाकीही त्याच्यासमोर बोली लावतेय.