मिटलेले ओठ आणि सरळ दात

भगवान बुद्धांच्या शरीरावर महापुरुषाची बत्तीस लक्षणे होती, असे दीघनिकायातील लक्खणसुत्तात सांगितले आहे. त्यांपैकी चार लक्षणे दातांची आहेत. दात चाळीस असणे, ते एकसारखे असणे, दोन दातांत फट नसणे आणि सुळे पांढरेशुभ्र असणे. चाळीस दात हा काव्याचा भाग समजून सोडून द्यावा. माणसाला बत्तीसच दात येतात आणि अक्कलदाढ अडली तर तेवढेही पुरे होत नाहीत. परंतु दातांची सरळ, सलग रांग ही त्या काळच्या लोकांनाही निरोगी व प्रसन्न चेहऱ्याची खूण वाटत होती, एवढे त्यावरून दिसते. ही रांग सरळ राहते कशामुळे, याविषयी चार गोष्टी येथे सांगावयाच्या आहेत.

आपल्याकडे या प्रश्नाचे उत्तर ठरलेले असते. मुलाचे दात पुढे आले की "आजोबांवर गेला" म्हणून घरचे मोकळे होतात. शाळेत त्याला 'दातऱ्या' हे नाव पडते. मुलगी असेल तर दहाव्या वर्षापासून आईला तिच्या लग्नाची काळजी लागते, आणि ती मुलगी बोलताना व हसताना तोंडावर हात धरायला शिकते. जबड्याचा आकार आणि दातांची रुंदी बरीचशी आईवडिलांकडून येते, हे खरे आहे. पण सगळे आनुवंशिकतेच्या खात्यावर टाकल्यामुळे एका साध्या गोष्टीकडे आपले लक्ष जात नाही. ती गोष्ट म्हणजे ओठ.

दात हाडात सिमेंटने पक्के बसवलेले नसतात. दाताचे मूळ आणि जबड्याचे हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ पदर असतो. दातावर एका बाजूने सतत दाब राहिला तर दाबाखालचे हाड झिजते, मागच्या बाजूला नवे हाड भरते आणि दात हळूहळू सरकतो. दंतवैद्य तारा लावतात ते याच गुणाचा उपयोग करून. परंतु तारा नसतानाही दातांवर दिवसरात्र दाब असतोच. आतून जीभ ढकलते. बाहेरून ओठ आणि गाल आवरून धरतात. ओठांभोवती चक्राकार स्नायू आहे. त्याचे तंतू दोन्ही बाजूंनी गालाच्या स्नायूत मिसळतात आणि गालाचा स्नायू मागे घशाच्या स्नायूला जोडलेला असतो. म्हणजे दातांच्या सबंध रांगेला बाहेरून एक जिवंत पट्टा आवळलेला असतो. हा पट्टा समोरच्या बाजूस सैल पडला की पुढचे दात बाहेर येऊ लागतात.

दात सरकायला लागणारा दाब किती असावा? 1963 साली अमेरिकेत सॅम वाइनस्टाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी काही जणांच्या उपदाढेवर सोन्याचा दोन मिलिमीटर जाडीचा तुकडा बसवला. त्यामुळे गालाचा दाब त्या दाताला किंचित जास्त लागू लागला, एवढेच. काही आठवड्यांत दात जागचा हलला. तो दाब दोन ग्रॅमपेक्षाही कमी होता. रुपयाचे नाणे याहून जड असते.

1978 साली विल्यम प्रॉफिट यांनी या विषयाचा पुन्हा एकदा हिशेब मांडला. आम्हा बँकवाल्यांना जमा आणि नावे जुळल्याशिवाय घरी जाता येत नाही, पण येथे दोन्ही बाजू जुळत नाहीत. जिभेचा दाब ओठांच्या दाबापेक्षा जास्त भरतो. मधला फरक दाताच्या मुळाभोवतीचा तंतूंचा पदर सांभाळून घेतो. प्रॉफिट यांनी दाखवलेली महत्त्वाची गोष्ट अशी की, दाब किती जोरात आहे यापेक्षा तो किती वेळ आहे, याला दातांच्या बाबतीत अधिक महत्त्व आहे. घास चावताना प्रचंड जोर लागतो, पण तो क्षणभर असतो, म्हणून त्याने दात सरकत नाहीत. दिवसातले निदान चार-सहा तास टिकणारा हलका दाब मात्र दात हलवतो.

याची साक्ष आपल्या सोलापुरातच मिळते. सनईपेक्षा लहान असे सुंद्री नावाचे वाद्य हे सोलापूरचे वैशिष्ट्य. सिद्राम जाधव, चिदानंद जाधव, भीमण्णा जाधव यांच्या घराण्याने ते नावारूपाला आणले. हे वाद्य वाजवताना पत्ती ओठांत आवळून फुंकावे लागते. ओठांच्या स्नायूंना यापेक्षा कठीण मेहनत क्वचितच पडत असेल. 14 एप्रिलच्या मिरवणुकीत बँडमधला ट्रम्पेटवाला गाल ताणून वाजवतो, तोही त्यातलाच. गालाच्या स्नायूचे लॅटिन नाव 'बक्सिनेटर' असे आहे आणि त्याचा अर्थच तुतारी वाजवणारा असा होतो! फुंकवाद्यांमुळे दात सुधारतात की बिघडतात यावर पाश्चात्त्य दंतवैद्यांनी बराच वाद घातला. पण रोजचा तास-दोन तासांचा रियाज मोठा फरक करीत नाही, असेच बहुधा आढळते. वादकाचे ओठ उरलेले बावीस तास कसे असतात, त्यावर सगळे अवलंबून असते. आपल्या मुलांचेही तसेच आहे.

मुलाचे ओठ सतत उघडे राहण्याचे सर्वांत मोठे कारण त्याच्या नाकात सापडते. नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागात ॲडिनॉइड नावाची गाठ असते. साधारण तीन ते सात वर्षांच्या काळात ती मोठी असते आणि पुढे आपोआप लहान होते. ती फार वाढली, किंवा धुळीच्या ॲलर्जीने नाक कायम चोंदलेले राहिले, तर मूल तोंडाने श्वास घेऊ लागते. सोलापूरच्या उन्हाळ्यातली धूळ सर्वांना ठाऊक आहे. तोंडाने श्वास घ्यायचा तर ओठ उघडे, जबडा खाली आणि जीभही खाली राहते. मग वरच्या दातांना बाहेरून ओठांचा लगाम नाही आणि टाळूला आतून जिभेचा आधार नाही, अशी अवस्था होते. कॅलिफोर्नियात एगिल हार्वोल्ड यांनी माकडांची नाके बंद करून पाहिली, तेव्हा त्यांच्या दातांची ठेवण बिघडली. मात्र प्रत्येक माकडाची वेगळ्या तऱ्हेने बिघडली, कारण प्रत्येकाने श्वास घेण्याची आपापली युक्ती काढली होती. म्हणून तोंडाने श्वास घेणाऱ्या प्रत्येक मुलाचे दात पुढे येतीलच असे छातीठोकपणे कोणी सांगू नये.

आनापानात नाकपुड्यांपाशी आणि वरच्या ओठावरच्या जागेत श्वासाकडे लक्ष देण्यास सांगतात. इगतपुरीला जाऊन आलेल्यांना हे सांगायला नको. तोंड मिटून, नाकाने, सहज श्वास. मुलाला पाच मिनिटे असे बसवून पाहावे. त्याला जमत नसेल, तोंड उघडून हवा घ्यावी लागत असेल, तर त्याला आळशी किंवा चंचल म्हणण्याआधी त्याचे नाक तपासून घ्यावे.

दुसरी तपासणी आणखी सोपी आहे. आपल्या वर्णमालेतले प, फ, ब, भ, म हे ओष्ठ्य वर्ण. मराठीत फ काही जण ओठ-दाताने म्हणतात, तो सोडून द्यावा. 'जय भीम' म्हणताना भ ला एकदा आणि म ला एकदा असे ओठ दोनदा मिटतात. मूल 'जय भीम' म्हणत असता समोरून पाहावे. दोन्ही ओठ एकमेकांना टेकले तर ठीक. खालचा ओठ वरच्या दातांना टेकून म उमटत असेल, किंवा ओठ मिटताना हनुवटीवर सुरकुत्यांचा गोळा येत असेल, तर हनुवटीचा स्नायू ओठांचे काम ओढून ताणून करतो आहे असे समजावे. काही मुलांचा खालचा ओठ वरच्या दातांच्या मागे जाऊन बसतो. मग तोच ओठ दातांना रोज आणखी बाहेर ढकलतो. सहाव्या वर्षानंतरही अंगठा चोखणे चालू असेल तर त्याचाही परिणाम असाच होतो.

लहान मुलांचे ओठ विसावलेले असताना थोडे उघडे राहणे स्वाभाविक आहे. वयाबरोबर ओठ वाढतो आणि फट भरते. त्यामुळे उगाच घाबरू नये. पण मूल रात्री गाढ झोपेत तोंड उघडे ठेवून घोरत असेल, उशी लाळेने भिजत असेल, तर वाट पाहू नये. पुढे आलेले, ओठांनी न झाकलेले दात शाळेच्या मैदानावर पडल्यास आधी तुटतात, हा आणखी एक धोका आहे.

प्रथम सिव्हिल हॉस्पिटलात कान-नाक-घसा विभागात जावे, दाताच्या डॉक्टरांकडे त्यानंतर. हल्ली मोबाईलवर रात्री तोंडाला चिकटपट्टी लावण्याचे सल्ले फिरतात. नाक बंद असलेल्या मुलाच्या बाबतीत असला प्रयोग जिवाशी खेळ आहे. तो कदापि करू नये. नाक मोकळे झाल्यावर मात्र ओठांचे व्यायाम करता येतात. अमेरिकेत आल्फ्रेड रॉजर्स यांनी 1918 सालीच स्नायूंच्या व्यायामाचा पुरस्कार केला होता. घरी करण्यासारखा म्हणजे, मोठ्या गुंडीला पक्का दोरा बांधून ती ओठ आणि दात यांच्यामध्ये धरायची आणि दोरा हळू ओढताना ओठांनी ती सुटू द्यायची नाही. किंवा अभ्यास करताना ओठांत कागदाची घडी धरायची. गुंडीच्या वेळी मोठ्या माणसाने जवळ बसावे. या व्यायामाने ओठ मिटण्याची सवय लागण्यास मदत होते. आधीच पुढे आलेले दात केवळ त्यावर मागे जात नाहीत.

त्यासाठी सात-आठ वर्षांच्या वयात एकदा दात दाखवावेत. जबडा वाढत असतो तोवर इलाज सोपा असतो. फेब्रुवारी 2013 मध्ये पालघर येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळेतील व अंगणवाडीतील मुलांची तपासणी होते आणि तिच्या यादीत दातांचे विकारही आहेत. पथक शाळेत येईल तेव्हा मुलाच्या हाती चिठ्ठी द्यावी की हा तोंडाने श्वास घेतो. केगावच्या दंत महाविद्यालयातही चौकशी करता येते; महाविद्यालयांतला खर्च खासगी दवाखान्यापेक्षा सहसा कमी पडतो.

तारा लावून दात सरळ झाले की डॉक्टर एक काढता-घालता येणारी पट्टी देतात, तिला रिटेनर म्हणतात. पुष्कळ मुले दोन महिन्यांनी ती डबीत ठेवून विसरतात. ओठ अजून उघडेच राहत असतील आणि पट्टीही डबीतच असेल, तर वर्षा-दोन वर्षांत दात पुन्हा पुढे येऊ लागतात आणि तारांवर घातलेले हजारो रुपये वाया जातात. म्हणून तारा काढण्याच्या दिवशी डॉक्टरांना दोन गोष्टी विचारून घ्याव्यात. रिटेनर किती वर्षे, किती तास घालायचा, आणि मुलाचे ओठ आता आपोआप मिटतात का.